आठ दिवसांसाठी आणलेलं मांजर

खिडकीच्या गजाला वाकवून अडकवलेली तार, तारेला उलटी टांगलेली ५०० मिलीची सलाईनची बाटली आणि खाली जुन्या नऊवारीच्या घडीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली एक मांजरी. जळगावच्या महाबळ भागातल्या दोन खोल्यांच्या या घरात सकाळचे सहा वाजलेत. घरातल्या बाई खासगी शाळेत गणित शिकवतात. सव्वासातला त्यांना निघायचं असतं. मांजरीच्या खांद्यांमधली सैल कातडी त्या डाव्या चिमटीत वर उचलतात आणि त्या घडीत सुई आत सारतात. मांजरी कान एकदा मागे घेते, बस्स. ही सलाईन शिरेत द्यायची नसते. ती कातडीखाली साठते. बाटलीवरची रेघ पंच्याहत्तर मिलीने खाली आली की नळीचं चाक बंद. पाठीवर आलेला फुगवटा दुपारपर्यंत पुढच्या पायाकडे ओघळतो आणि संध्याकाळपर्यंत अंगात जिरून जातो.

मांजरीचं नाव डोकरी. वय पंधरा-सोळा असावं असं डॉक्टरांचं म्हणणं. जुन्या जळगावातल्या एका वाड्यात ती एका एकट्या आजींजवळ होती. आजी गेल्या, मुलं पुण्याहून आली, तेराव्यानंतर वाड्याला कुलूप लागलं. डोकरी कुलपाच्या बाहेर राहिली. पलीकडच्या दुकानदाराने मोबाईलवर फोटो काढून एका ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत बाईंपर्यंत आला. तेव्हा तिचं वजन सव्वादोन किलो होतं, पाठीवरच्या केसांच्या गाठी वाळून कडक झाल्या होत्या आणि ती सारखी पाणी पीत होती.

सारखं पाणी पिणं हीच खूण. म्हाताऱ्या मांजरांना सर्रास होणारा आजार म्हणजे मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जाणं. मूत्र दाट करण्याची ताकद गेली की पाणी अंगात थांबत नाही. मांजर कितीही प्यायलं तरी बाहेर जातं ते जास्तच. गेलेली मूत्रपिंडं परत येत नाहीत. कातडीखालच्या सलाईनने एवढंच होतं की अंग कोरडं पडत नाही, मळमळ कमी होते, मांजर खातं. महिने मिळतात, कधी वर्षंही मिळतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की बाटली द्यायच्या आधी कोमट पाण्यात ठेवा. जळगावच्या मे महिन्यात ते उलटं करावं लागतं. बाहेर ४४-४५ अंश असताना पश्चिमेच्या फळीवर राहिलेली बाटली मांजरीच्या अंगापेक्षा गरम होते, म्हणून ती माठाच्या तिवईखाली ठेवलेली असते.

बाईंच्या सासूबाई धुळ्याकडच्या. दारात उभ्या राहून त्या हा सगळा कारभार बघतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, “आठ दिनना करता लयनी व्हती. आते आठ महिना व्हयी ग्यात.” आवाजात तक्रार आहे. पण नऊवारीची घडी त्यांचीच आहे, हेही त्याच सांगतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘म्हातारपण’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रम असणार. मी मांजरांवर लिहितो म्हटल्यावर फोनवर थोडी शांतता पसरली. पण जळगाव आणि धुळ्यात सात-आठ वर्षांपासून अशी काही घरं तयार झालीत, ज्यांत दुसऱ्यांनी टाकलेली, आजारी, म्हातारी मांजरं सांभाळली जातात. त्याला ही मंडळी ‘फोस्टर’ म्हणतात. मूळ कल्पना अशी की जनावराला तात्पुरतं घर द्यायचं, बरं करायचं आणि कायमचं घर मिळालं की सोपवायचं. पिल्लांच्या बाबतीत ते जमतंही. सोळा वर्षांच्या, सलाईनवरच्या मांजरीला मागणी घालायला कोण येणार? सगळ्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी घरात सांगताना आठ दिवसच सांगतात, कारण ‘मरेपर्यंत’ म्हटलं तर कुठलंच घर हो म्हणणार नाही.

दाणा बाजारातली नोकरी

खान्देशात मांजर हौसेसाठी कमी आणि कामासाठी जास्त ठेवलं जातं. जळगाव हे डाळींचं गाव. दाणा बाजारातल्या गाळ्यांत आणि एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये तूर, हरभरा, उडदाची पोती थप्पीला लागलेली असतात. थप्पी आली की उंदीर आलाच, आणि धान्यात औषध टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक गोदामाला एक-दोन मांजरं असतात. त्यांना कुणी विकत आणलेलं नसतं, नाव दिलेलं नसतं. सकाळी बशीत थोडं दूध आणि बाकी ज्याने त्याने आपलं बघायचं.

एका हमालाने मला या नोकरीचा हिशेब समजावला. मांजर चार-पाच वर्षं जोरात असतं. पुढे दात जातात, उडी कमी होते. तोवर त्याच गोदामातली तरुण पिढी तयार असते. “म्हाताऱ्याला कुणी हाकलत नाही भाऊ,” तो म्हणाला, “फक्त बशीपर्यंत पोचू देत नाहीत. बाकीची मांजरं.”

असाच एक बोका आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाच्या घरी आहे. डोकं एवढं मोठं आणि गाल असे भरलेले की त्याचं नाव आपसूक शेटजी पडलं. तो आला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती आणि जांभई देताना ओरडत होता. हिरड्या आणि घशाची मागची बाजू लाल, सुजलेली. मांजरांच्या या तोंडाच्या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा दातांवरच्या किटणाशी भांडता भांडता स्वतःच्याच हिरड्या जाळत सुटते. भूक असते, मांजर ताटलीपर्यंत येतं, वास घेतं, एक घास घेतं आणि किंचाळून पळतं. पाहणाऱ्याला वाटतं, नखरे करतंय. उपाय ऐकून घरचे दचकले होते: दाढांसकट सगळे दात काढायचे. शेटजीला त्यासाठी नाशिकला न्यावं लागलं. आता तोंडात एकही दात नाही आणि तो पूर्वीपेक्षा दुप्पट खातो. मांजर घास चावत नाही, फाडतं आणि गिळतं. मऊ अन्न असेल तर दातांवाचून त्याचं फारसं अडत नाही.

गोदामातून, वाड्यातून, बंगल्यातून म्हातारी मांजरं बाहेर का पडतात, याची कारणं ऐकताना वारंवार तीच येत होती. मालक गेला. मुलं शहरात गेली. घर पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहिलं. आणि एक कारण जरा दबक्या आवाजात सांगितलं जातं: सुनेला दिवस राहिले. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला धोका करू शकतो हे खरं आहे. पण मांजर तो बाहेर टाकतं ते आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावर, दोन-तीन आठवडे, आणि बहुधा लहान वयात. बाहेर पडलेली विष्ठा संसर्गजन्य व्हायलाही किमान एक दिवस लागतो. म्हणजे घमेल्यातली वाळू रोज दुसऱ्या कुणी काढली तर प्रश्न जवळजवळ संपतो. त्या मानाने कच्चं-अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी जास्त जोखमीची. पण मटण कुणी पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येत नाही.

सोन्याचं मांजर आणि पन्नास रुपये

आपल्याकडे मांजर मारायचं नाही. मारलंच तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, हे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं आहे. सराफ बाजारासाठी नावाजलेल्या गावात ही शिक्षा किती तोळ्यांची, याचा अंदाज सगळ्यांना येतो. सटवाईचं वाहन मांजर, असंही म्हणतात. त्यामुळे नकोशा मांजराला हात लावायचा नाही. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, मेहरूण तलावाच्या बाजूला किंवा हायवेवरच्या एखाद्या ढाब्यामागे सोडायचं. ढाबा निवडणाऱ्याला तर पुण्य केल्यासारखंच वाटतं: खायला मिळेल ना तिथे!

कायदाही अगदी याच चालीने चालतो, हे मला या लेखाच्या निमित्ताने लक्षात आलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, भुकेने-तहानेने तडफडेल अशा अवस्थेत जनावराला टाकून देणं हा गुन्हा असला तरी पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड पोतंही येत नाही. लोकरीतीने आणि कायद्याने दोघांनीही मारण्याची किंमत जबर ठेवली आणि सोडून देण्याची जवळजवळ फुकट.

सोडलेल्या मांजराचं पुढे काय होतं? मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. नव्या जागेवर आधीच्या बोक्यांची हद्द ठरलेली असते. तरुण मांजर मार खाऊन, मार देऊन जागा करतं. म्हातारं मांजर एखाद्या गटाराच्या पाइपात शिरतं आणि तिथेच बसून राहतं. ते खात नाही. इथे मांजराच्या शरीराची एक विचित्र खोड आड येते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही, आणि मांजराला कावीळ होते. जितकं लठ्ठ आणि लाडावलेलं मांजर, तितकी ही घसरण लवकर. कुणाला सापडेपर्यंत त्याचे कान आतून पिवळे झालेले असतात. ढाब्यामागे उष्टं कितीही पडलेलं असो, ते या मांजराच्या उपयोगाचं नसतं.

केळीचा खोका

मांजर पकडायला पिंजरा लागतो, न्यायला टोपली लागते, आणि दोन्ही महाग. जळगावात त्यावर तोड निघालेली आहे. रावेर-यावलची केळी आता पुठ्ठ्याच्या खोक्यांतून परदेशी जातात. खोका दणकट असतो, बाजूला हवेची भोकं असतात, आत-बाहेर बसणारं झाकण असतं. फळबाजारात रिकामा खोका सहज मिळतो. फोस्टर करणाऱ्या प्रत्येक घरात असे दोन-तीन खोके पलंगाखाली सपाट करून ठेवलेले दिसले. मांजर घाबरट असेल तर तोच खोका आडवा करून पहिल्या पंधरा दिवसांची खोली होते, आणि खाली जळगावचीच प्लास्टिकची चटई अंथरतात, कारण ती बादलीत बुचकळून काढता येते.

हे पंधरा दिवस वेगळं ठेवणं फार कडक पाळतात. मांजरांचा पार्व्होसारखा विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो, आणि तो फिनाईलने हटत नाही, ब्लीचने हटतो. फिनाईलचा तर मांजराच्या घरात शिरकावच नको. फरशी पुसली की मांजर त्यावरून चालतं, पाय चाटतं, आणि त्यातली रसायनं त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. माणसाच्या यकृतात अशा रसायनांची विल्हेवाट लावणारी जी सोय आहे, ती मांजरात फार तोकडी आहे. पॅरासिटामॉलचंही तेच. मांजर कण्हतंय म्हणून मायेने चुरून दिलेली अर्धी गोळी त्याचा जीव घेऊ शकते. रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो, हिरड्या तपकिरी पडतात. जळगावच्या एका पशुवैद्यांनी सांगितलं, “आजाराने मेलेलं मांजर मला समजतं हो. मायेने मेलेलं बघवत नाही.”

खासगी व्यवसाय करणाऱ्या या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर एक लॅब्रेडॉर, दोन पर्शियन मांजरं आणि मालकाच्या कडेवर बसलेली शेळी असा दरबार भरला होता. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा पशुसर्वचिकित्सालय आहे, तालुक्यांना सरकारी दवाखाने आहेत, पण ती सगळी व्यवस्था गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्याभोवती उभी राहिलेली आहे, आणि शेतीच्या मुलखात ते साहजिकच आहे. मांजराच्या रक्ताची तपासणी पुष्कळदा माणसांच्याच लॅबमध्ये करून घ्यावी लागते. तिथून एक गमतीदार घोळ निघतो. अहवालावर छापलेले आकडे माणसाचे असतात. क्रिएटिनिन १.५ आलं की मशीन ते ठळक छापतं आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मांजराच्या मूत्रपिंडांसाठी जगभर जी पायरी वापरतात, तिच्यात १.६ च्या खाली पहिली पायरी, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी, आणि त्यापुढे चौथी. डोकरी आली तेव्हा तिसरीत होती. गणिताच्या बाईंनी तिच्या सगळ्या अहवालांचा आलेख चौकटीच्या वहीत काढलाय. वजनाची रेघ निळी, क्रिएटिनिनची लाल.

दुखणं मोजायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. मांजर दुखणं लपवतं. म्हाताऱ्या मांजरांत सांधेदुखी किती पसरलेली असते, हे लोकांना खरं वाटत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा सापडल्या. लंगडणारी त्यांत फार थोडी होती. मांजर लंगडत नाही, ते पलंगावर उडी मारणं सोडून देतं. पाठ चाटणं सोडतं, म्हणून केसांच्या गाठी होतात. घमेल्याचा काठ उंच वाटतो, म्हणून शेजारी शू करतं आणि मार खातं. ‘म्हातारपणी घाण करायला लागलं’ म्हणून टाकलेल्या मांजराचा गुन्हा पुष्कळदा एवढाच असतो. मोबाईलवाल्या तरुणाने घमेल्याची पुढची कड कापून उंबरठा दोन बोटांवर आणलाय. त्याच्या फोनमध्ये माँट्रियल विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला मांजरांच्या चेहऱ्यांचा तक्ता आहे: कान किती बाहेर वळलेत, डोळे किती मिटलेत, तोंडाचा भाग किती ताणलाय, मिशा सरळ आहेत का, मान खांद्यांच्या खाली आहे का. पाच खुणा, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. गिऱ्हाईक नसलं की तो घरच्या कॅमेऱ्यावर शेटजीला गुण देत बसतो.

वेगळी शेगडी

जळगाव ते धुळे हा रस्ता एरंडोल-पारोळ्यावरून जातो. कापूस, मका, मग लांबवर लळिंगचा डोंगर. धुळ्यात पांझरेचा मोठा पूल ओलांडला की देवपूर. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आणि त्यांच्या पत्नी राहतात. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मागच्या ओट्यावर, पत्र्याच्या आडोशाला, विजेची वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी पळी.

“विठ्ठलाला सांगितलंय मी,” काकू म्हणाल्या, “तिच्या ताटातलं पाप तिचं नाही आणि माझंही नाही.”

त्यांनी हे सुरुवातीला मान्य केलेलं नव्हतं. पहिली दोन मांजरं त्यांनी दूध-भाकरीवर ठेवली. पोट भरतं, मांजर खूश दिसतं. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही, आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचे पडदे झिजतात आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पॉल पायन यांनी १९८७ मध्ये हृदयाचा हा धागा दाखवला, तोवर बाजारात विकत मिळणाऱ्या मांजरांच्या खाण्यातही ते कमी पडत होतं. शिवाय मोठ्या मांजरांना दूधही पुष्कळदा पचत नाही, जुलाब होतात. दुसरं मांजर आंधळं होऊन गेल्यावर डॉक्टरांनी काकूंना हे समजावलं. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि शेगडी आणली.

कोंबडी उकडायची ती बिनमिठाची. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, म्हणून तेही नाही. काळ्या मसाल्याच्या मुलखात हे शिजवणं म्हणजे काकूंच्या भाषेत ‘पाण्यात पाणी’. उकडलेलं पाणी फेकायचं नाही, कारण टॉरिन त्यात उतरतं. काळीज आठवड्यातून एकदा, सुपारीएवढं; जास्त झालं तर अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जखडतात. कोंबडी आणायला काका जातात. दुकान एका मुसलमान गृहस्थांचं. धुळ्यात यंत्रमागवाल्या मोहल्ल्यांत मांजर घरोघरी असतं. मांजर नापाक नाही, अशी पैगंबरांची शिकवण सांगतात. दुकानदार माळकऱ्याला बघून आधी चकित झाला होता. आता पिशवी तयार असते. कधी मांजरासाठी म्हणून पैसे घेत नाही, आणि काका ते बळेच ठेवून येतात. बाहेर पडताना पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळतात, कारण गल्लीत काय म्हणतील. गल्लीला अर्थात सगळं माहीत आहे.

सध्या त्यांच्याकडे चांदी आहे. पांढरी शुभ्र मांजरी, डावा कान अर्धाच. पांढऱ्या मांजरांच्या कानाच्या कडेला केस विरळ, कातडी गुलाबी. खान्देशचं ऊन वर्षानुवर्षं त्यावर पडतं आणि तिथे कातडीचा कर्करोग होतो. सुरुवात अगदी साधी असते: कानाच्या टोकाला खपली. ती पडते, रक्त येतं, पुन्हा खपली धरते. लोक खरूज समजून हळद लावतात. वेळेत कानाची कड कापली तर मांजर वाचतं. चांदी एका शाळेच्या आवारात होती. शिपायाने वर्षभर हळद लावली. ऑपरेशनच्या वेळी डाव्या कानाचा अर्धा भाग काढावा लागला. उजव्या कानावर आता काका रोज उजेडात धरून बोट फिरवतात. पूर्वी तिकिटं फाडणारं बोट आहे. खपली लगेच कळते, म्हणाले.

पांजरापोळाच्या दारात

मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: एवढी पांजरापोळं आहेत, तिकडे का नाही पाठवत? जळगावात नेरी नाक्याजवळ पांजरापोळ आहे, धुळ्यातही आहे. या संस्थांचा उगम शोधायला गेलं तर तिथे गाय एकटी नाही. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला कुत्र्यामागे बक्षीस लावलं, पारशी आणि हिंदू रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी मुंबईचं पांजरापोळ उभं केलं. कुणाच्या उपयोगाचं नाही असं कुठलंही जनावर तिथे मरेपर्यंत राहील, अशी ती कल्पना होती. कुत्रीसुद्धा.

आज पांजरापोळ म्हटलं की गोशाळा. त्याला कारणं आहेत. गाय दान म्हणून येते, चारा दान म्हणून येतो, शेण विकलं जातं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. मांजराचं असं खातंच नाही. शिवाय मांजरं एकत्र कोंडणं ही चूकच ठरते. गाय कळपात रमते. अनोळखी वीस मांजरं एका हॉलमध्ये ठेवली तर अर्धी दडून बसतात, सर्दीचा विषाणू सगळ्यांना लागतो, आणि म्हातारी मांजरं पहिल्यांदा खाणं सोडतात. म्हणून मला वाटतं, म्हाताऱ्या मांजरांसाठी जळगावात मोठा निवारा काढा, अशी जी मागणी अधूनमधून होते ती चुकीच्या दिशेची आहे. एका घरात एक किंवा दोन, याहून मोठ्या संस्थेला हे काम झेपणार नाही. लागेल ते निराळंच: रक्त तपासणारं एक यंत्र, आठवड्यातून एकदा मांजरांसाठी वेळ देणारा सरकारी दवाखाना, आणि सांभाळणाऱ्यांना रेबीजची आगाऊ लस. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो, ही गोष्ट अजून शिकल्यासवरल्या घरांतही ऐकून भुवया उंचावतात.

वासराचा प्रश्न

डोकरीच्या वहीतली लाल रेघ हल्ली वर चाललीय. डॉक्टरांनी बाईंना एकदा हळूच विचारलंय, पुढे काय करायचं ठरवलंय?

मरण देणं हा विषय या घरांत सगळ्यांत जास्त टाळला जातो. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग हृदय थांबवणारं. दहा मिनिटांचं काम. कायद्याने अडचण नाही. असह्य यातनेत असलेल्या जनावरासाठी १९६० च्या कायद्यातही तशी वाट आहे. अडचण माळेची आहे, सोन्याच्या मांजराची आहे, जैन शेजाऱ्यांची आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच असाध्य आजाराने तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं आणि ‘नवजीवन’मध्ये ते उघड लिहिलंही. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसेच्या आचार्यानेच हे करावं? गांधीजींचं म्हणणं असं होतं की त्या जीवाच्या वेदनेपुढे आपली शुद्धता जपत बसणं ही अहिंसा नव्हे. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ उभं आहे. तिथून महाबळ फार लांब नाही.

देवपूरच्या काकूंना हा प्रसंग सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गांधीबाबा मोठे. मला नाही जमायचं.” काका जिन्यात माझ्याबरोबर खाली आले तेव्हा सांगून गेले की आंधळ्या मांजराच्या वेळी ते दवाखान्यात एकटे गेले होते. घरी सांगितलं, झोपेत गेलं. डॉक्टरांचं मत विचाराल तर ते म्हणतात, ज्या दिवशी मांजराचे वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होतात, त्या दिवसाच्या थोडं आधी यावं. लोक सरासरी पंधरा दिवस उशिरा येतात. मी बाईंच्या बाजूने विचार करतो तेव्हा हा उशीर मला समजतो. मांजरीच्या बाजूने केला की समजत नाही.

दिवाळीचे चार दिवस

वसुबारसेच्या आसपास या सगळ्या घरांची धांदल उडते. फटाके हे एक कारण. पलंगाखाली खोका, त्यावर गोधडी, खिडक्या बंद, कूलर नुसत्या पंख्यावर आवाजापुरता चालू. गंमत म्हणजे म्हातारी मांजरं या बाबतीत सुखी. डोकरीला जवळजवळ ऐकू येत नाही. दहा हजारांची माळ खिडकीखाली लागली तरी ती ढिम्म असते.

खरी अडचण भाऊबीज. बाईंचं माहेर चोपड्याला. दोन दिवस तरी जावंच लागतं, आणि डोकरीची सलाईन चुकवून चालत नाही. सासूबाई सुईला हात लावायच्या नाहीत, “मी भी म्हतारी, ती भी म्हतारी” एवढंच म्हणतात. म्हणून या मंडळींनी अदलाबदल ठरवली आहे. डोकरी मोबाईलवाल्याकडे, शेटजी आतल्या खोलीत, दोघांची भेट होऊ द्यायची नाही. बाईंनी वहीचं पान फाडून सूचना लिहून दिल्यात: पाण्याच्या वाट्या दोन, घमेल्यापासून लांब. फिनाईल नाही. चोवीस तास काही खाल्लं नाही तर रात्री दोन वाजताही फोन.

प्रश्न फक्त सुईचा होता. मोबाईलच्या आतले केसाएवढे स्क्रू बिनचूक लावणारा हा मुलगा सुई बघून पांढरा पडतो. बाईंनी त्याला आधी संत्र्यावर शिकवलं, मग सकाळी सहाला घरी बोलावून डोकरीवर. पहिल्या दिवशी सुई कातडीतून आरपार गेली आणि सलाईन नऊवारीवर सांडली. दुसऱ्या दिवशी तो मेडिकलमधून स्वतःच्या पसंतीची, बारीक सुई घेऊन आला, तिला दुखू नये म्हणून. ती बरोबर बसली. पण बारीक सुईतून पाणी जायला दुप्पट वेळ लागला, आणि चाळीसच्या रेघेवर डोकरी उठून स्वयंपाकघरात निघून गेली.